वाचक विचारतात : आर्यसत्यं चार, कामंही चार

बुद्धाच्या शिकवणुकीवर आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. पाली शब्द अडल्याशिवाय वापरलेले नाहीत.

प्रश्न : पहिलंच आर्यसत्य ‘सगळं दुःख आहे’ असं सांगतं. मग मुलांचं हसणं, गाणं, मैत्री यांतलं सुख खोटं समजायचं का? ही शिकवण उदास वाटते.

‘सगळं दुःख आहे’ हे वाक्य पहिल्या आर्यसत्यात नाहीच. सारनाथला, म्हणजे तेव्हाच्या इसिपतनात, कोंडञ्ञ, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजी या पाच जणांपुढे जे पहिलं प्रवचन झालं, त्यात बुद्धांनी नेमकी यादी दिली. जन्म, म्हातारपण, आजार, मरण. नावडत्याशी गाठ, आवडत्याची ताटातूट, हवं ते न मिळणं. आणि थोडक्यात म्हणजे, ‘मी-माझं’ म्हणून धरून ठेवलेले पाच स्कंध, म्हणजे शरीर-मनाचे पाच गट (त्यांची नावं पुढे येतील). या शेवटच्या कलमात ‘उपादान’, म्हणजे धरून ठेवणं, हा शब्द आहे आणि सगळा भार त्याच्यावर आहे. सुख नाकारण्याचा तर प्रश्नच नाही. वैशालीच्या महाली लिच्छवीला बुद्ध सांगतात, की रूपात निव्वळ दुःखच असतं, सुख मुळीच नसतं, तर प्राणी त्यात गुंतलेच नसते.

दुःखाचे थर तीन. दाढ ठणकते तो पहिला. दुसरा बदलाचा : सुट्टी छान चालली आहे, पण शेवटच्या दिवशी संध्याकाळीच मन खट्टू होतं. सुट्टीत खोट काही नव्हती, ती संपणारी होती एवढंच. तिसरा थर सहसा लक्षात येत नाही. जे जे कारणांवर टेकून उभं आहे ते कधीच पुरतं भरवशाचं नसतं, हा तो थर.

पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. आर्यसत्यं ही मान्य करायची मतं आहेत, असं तुम्ही धरून चालला आहात. सूत्रात प्रत्येक सत्याला एक काम जोडलेलं आहे. दुःख पुरतं ओळखायचं, त्याचं कारण सोडायचं, त्याचा निरोध, म्हणजे थांबणं, स्वतः अनुभवायचा, आणि मार्ग वाढवायचा. प्रत्येक सत्याची तपासणी तीन वेळा होते : हे असं आहे, याबाबत हे काम करायचं आहे, ते काम झालं. चार त्रिक बारा. या बाराही बाजू उजळेपर्यंत आपण संबोधीचा, म्हणजे पूर्ण ज्ञानाचा, दावा केला नाही, असं बुद्धांनी तिथेच म्हटलं आहे.

चूक होते ती कामांची अदलाबदल झाल्यामुळे. एखाद्याचं बोलणं मनाला लागतं. आपण ते विसरायची खटपट करतो, म्हणजे दुःख सोडायला धावतो. आणि ‘त्यानं माफी मागायलाच हवी’ ही मागणी मात्र मुठीत घट्ट राहते. सोडायची होती ती मागणी. लागलेलं बोलणं फक्त नीट पाहायचं होतं : कुठे लागलं, किती वेळ टिकलं, पुन्हा कशानं उसळलं. महिनोन्‌महिने साधना करूनही ‘काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडलेली असते.

प्रश्न : अष्टांगिक मार्ग एकापाठोपाठ एक चढायचा असतो का? सम्यक् दृष्टी पुरी झाल्याशिवाय ध्यानाला बसू नये, असं ऐकलं.

ती अंगं आहेत, पायऱ्या नव्हेत. दोरीचे आठ पेड समजा. दृष्टी आणि संकल्प हे प्रज्ञेचे पेड. वाचा, कर्मान्त (वागणूक), आजीविका हे शीलाचे. व्यायाम (प्रयत्न), स्मृती, समाधी हे समाधीचे. त्यातही दृष्टी, प्रयत्न आणि स्मृती ही तीन अंगं प्रत्येक अंगाभोवती फिरत असतात. समजा, गैरहजर माणसाबद्दलची एक चटकदार गोष्ट तुमच्या ओठांवर आली. ही चहाडी आहे हे ओळखणं झाली दृष्टी. तोंड मिटणं हा प्रयत्न. आणि हे सगळं वेळेवर ध्यानात येणं ही स्मृती. या तीन जणींची सोबत नसेल, तर सम्यक् वाचा म्हणजे नुसतं गप्प बसणं होऊन जातं.

सम्यक् वाचेत चार गोष्टी टाळायच्या असतात : खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड. लोक पहिलीवर थांबतात. आजीविकेत गृहस्थाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत : शस्त्रं, प्राणी (यात माणसांचीही विक्री आली), मांस, मद्य आणि विष. प्रयत्नही चार प्रकारचा : नवं अकुशल (म्हणजे वाईट) येऊ न देणं, आलेलं घालवणं, कुशल (म्हणजे चांगलं) निर्माण करणं, झालेलं टिकवणं. ध्यानाला आजपासून बसा. दृष्टी बसता बसताच स्वच्छ होत जाते.

प्रश्न : पाच स्कंधांत ‘विज्ञान’ येतं. म्हणजे बुद्धाला आजचं विज्ञान अभिप्रेत होतं का? आणि ‘संस्कार’ हे दुःखाचं कारण कसं, संस्कार तर चांगले असतात ना?

हा धडा मराठी माणसाला इतरांपेक्षा अवघड जातो, कारण यातले सगळे शब्द ओळखीचे वाटतात आणि जवळजवळ सगळेच चकवतात.

‘रूप’ म्हणजे देखणेपण नव्हे. शरीर आणि जे जे भौतिक ते सगळं. ‘वेदना’ म्हणजे दुखणं नव्हे. अनुभवाला जी चव असते ती वेदना, आणि तिचे प्रकार तीनच : सुखद, दुःखद, आणि दोन्ही नसलेली. राग किंवा भीती ही वेदना नव्हे. ती पुढची गोष्ट. ‘संज्ञा’ व्याकरणातली नव्हे. ‘हे पिवळं’, ‘हा अमक्याचा आवाज’ असं ओळखून खूण पटवणं ती संज्ञा. ‘संस्कार’ म्हणजे मुंज-लग्न नव्हे आणि घरचं वळणही नव्हे. इच्छा, निश्चय, ओढ, चीड अशी मनाची घडवणारी हालचाल. ‘विज्ञान’ प्रयोगशाळेतलं नव्हे. डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन या सहा दारांशी उमटणारी जाणीव.

आता फोन वाजतो. कानावर आदळणारा आवाज हे रूप. ऐकू येणं हे विज्ञान. ‘अनोळखी नंबर, या वेळेला म्हणजे कर्ज विकणारेच’ ही संज्ञा. किंचित नकोसं वाटणं ही वेदना. कट करायला वळलेला अंगठा, त्यामागची चीड आणि इरादा, हे संस्कार. पापणी लवायच्या आत हे सगळं होऊन जातं आणि आपण म्हणतो, ‘मी वैतागलो’. यातला ‘मी’ कोणता? बुद्धांच्या दुसऱ्या प्रवचनात त्याची कसोटी दिली आहे. रूप जर आत्मा असतं, तर ‘माझं रूप असं असो, असं नसो’ म्हणून हुकूम चालवता आला असता. तो चालत नाही. उरलेल्या चौघांवरही चालत नाही.

जाता जाता आणखी दोन फसवे शब्द. ‘उपेक्षा’ म्हणजे आबाळ किंवा दुर्लक्ष नव्हे. लाभ-हानीत न ढळणारी समतोल वृत्ती. ‘स्मृती’ म्हणजे आठवणशक्ती नव्हे. समोर चाललेल्या गोष्टीचं भान न सुटणं.

प्रश्न : आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा होतो?

‘कोणाचा’ या शब्दातच आत्मा गृहीत धरलेला आहे, म्हणून प्रश्न सुटत नाही. साती नावाच्या भिक्खूचीही हीच समजूत होती : हेच विज्ञान, न बदलता, एका जन्मातून दुसऱ्यात धावतं. बुद्धांनी त्याला बोलावून घेऊन कडक शब्दांत सुनावलं. विज्ञान कारणांशिवाय उभं राहत नाही. लाकडावर पेटला तर लाकडाचा अग्नी, गवतावर पेटला तर गवताचा, तसं ते ज्या दाराशी उमटतं त्या नावानं ओळखलं जातं.

मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात दिव्याचा दाखला येतो. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग दोन वेगळे दिवे का? तेही नाही. ‘न च सो, न च अञ्ञो’ : तोच नाही, दुसराही नाही. सलग चालत राहते ती कारणांची साखळी. तिच्यात बसून प्रवास करणारा उतारू कोणी नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत अनात्मवाद आणि पुनर्जन्म यांच्यातल्या विसंगतीचा प्रश्न थेट मांडला. त्यांचं उत्तर असं, की मरणानंतर शरीरातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वं त्यांच्या समुच्चयात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात. पुनर्जन्म त्या तत्त्वांचा, आत्म्याचा नव्हे. थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथ प्रमाण मानणारी परंपरा चित्तप्रवाहाच्या भाषेत बोलते. दोन्हीकडे आत्म्याला जागा नाही. वाद घालताना आधी आपण कोणत्या मांडणीबद्दल बोलतो आहोत ते ठरवावं, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

प्रश्न : आजारी माणसाला ‘तुझं मागच्या जन्मीचं कर्म’ असं सांगतात. बुद्ध असंच म्हणाले का?

नाही, आणि असं सांगणाऱ्याला त्यांनी स्पष्ट चूक ठरवलं आहे. राजगृहात मोलियसीवक नावाच्या परिव्राजकानं (फिरत्या संन्याशानं) नेमकं हेच विचारलं होतं : माणूस जे जे भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपलं काय मत? उत्तरात बुद्धांनी आठ कारणं मोजली : पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र बिघडणं, ऋतुबदल, शरीराची चुकीची निगा, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. आठांतलं एक. सगळ्याचं खापर कर्मावर फोडणारे स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे धावतात आणि जगात खरं मानलं जातं त्याच्याही, असं ते म्हणाले. तेव्हा आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यावं.

कर्म म्हणजे मुळात चेतना, इरादा. ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’ ही त्याची व्याख्या. आणि फळ हे दुकानातल्या मोजमापासारखं नसतं. मिठाचा खडा पेलाभर पाण्यात टाकला तर पाणी तोंडात घेववत नाही. तोच खडा गंगेत टाकला तर काही कळतही नाही. शील, चित्त आणि प्रज्ञा वाढवलेल्या माणसाचं लहानसं दुष्कृत्य असंच विरून जातं, तर ज्यानं यातलं काहीच वाढवलं नाही त्याला तेवढंच कृत्य फार महागात पडतं. खडा काढता येत नसेल तर पाणी वाढवावं, इतका व्यवहारी हा दाखला आहे.

प्रश्न : नकळत पायाखाली मुंगी मेली तर शील मोडतं का? आणि अल्कोहोल असलेलं औषध घेतलं तर?

मुंगीच्या बाबतीत मोडत नाही. अट्ठकथांमध्ये, म्हणजे जुन्या पाली टीकाग्रंथांमध्ये, हत्येची पाच अंगं दिली आहेत : प्राणी असणं, तो जिवंत आहे हे ठाऊक असणं, मारण्याचा विचार, तसा प्रयत्न, आणि त्या प्रयत्नानं त्याचं मरण. पाचही जुळली तरच शील मोडलं. खोटं बोलण्याची चार : गोष्ट असत्य असणं, फसवण्याचा विचार, तसा प्रयत्न, आणि समोरच्याला तो अर्थ पोचणं. शब्द खरे वापरून चुकीचा समज मुद्दाम करून देणारे इथे सापडतात. नजरेनं किंवा मानेनं दिलेला खोटा होकारसुद्धा यात येतो.

मुंगीचा हिशेब संपला, तरी पायाखाली पाहून चालणं हा सरावाचाच भाग आहे. ‘नकळत झालं’ ही सबब रोजची झाली, तर ते नकळत राहत नाही.

मद्य टाळण्याच्या पाचव्या शीलात प्रमाण दिलेलं नाही. ‘एक पेला चालेल’ अशी फट तिथे नाही. मद्य हे ‘पमादट्ठान’, म्हणजे बेसावधपणाचं ठिकाण, म्हणून ते टाळायचं. औषधाची गोष्ट वेगळी. औषधी तेल काढताना त्यात मद्याचा रंग, वास आणि चव उतरत नसेल इतपत ते घालायला विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, भिक्खूंनाही मुभा आहे. नशेसाठी घेतलेल्या औषधाला अर्थातच ही सवलत लागू नाही.

शील मोडलं तर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण त्यावरच जास्त माणसं थांबतात. पंचशील म्हणताना आपण ‘सिक्खापदं समादियामि’ म्हणतो : शिकण्याचा नियम मी स्वतः घेतो. कोणी लादलेली आज्ञा नाही, त्यामुळे कोणाकडे क्षमा मागायची सोयही नाही. चूक जाणत्या माणसापाशी सांगावी, पुढे न करण्याचं ठरवावं आणि शील पुन्हा घ्यावं. राहुलला बुद्धांनी दिलेली पद्धत यासाठी चांगली आहे. आरशात पाहतात तसं प्रत्येक कृती तीनदा तपासायची : करण्याआधी, करताना आणि केल्यावर, यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना इजा होते का? सुरुवातीला फक्त ‘केल्यावर’ जमतं. काही काळानं ‘करताना’ लक्षात यायला लागतं. ‘आधी’ सगळ्यात उशिरा.

प्रश्न : ‘अप्प दीपो भव’ हे त्रिपिटकात कुठे आहे?

या रूपात नाही. महापरिनिब्बान सुत्तात बेलुव गावी, आजारातून उठलेल्या बुद्धांचे आनंद या शिष्याला उद्देशून शब्द आहेत : ‘अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा, धम्मदीपा धम्मसरणा अनञ्ञसरणा’. म्हणजे, स्वतःच स्वतःचे दीप आणि शरण होऊन राहा, दुसरं शरण नको; धम्म हाच दीप, धम्म हेच शरण, दुसरं नको. पालीत ‘दीप’ म्हणजे दिवाही आणि बेटही. पुराच्या पाण्यात टेकायला जागा, हा बेटाचा अर्थ ‘सरण’ शब्दाशेजारी अधिक शोभतो. शिवाय घोषवाक्यात वाक्याचा दुसरा अर्धा भाग, धम्माचा, गळूनच जातो. मग ‘मला वाटेल ते’ असा त्याचा अर्थ लावायला लोक मोकळे.

प्रश्न : कालाम सुत्तात ‘स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच माना’ असं म्हटलं आहे ना?

तसं नाही. केसपुत्त गावच्या कालाम लोकांची तक्रार अशी होती, की जो आचार्य येतो तो आपलं मत मिरवतो आणि दुसऱ्याचं तुडवतो, खरं कोणाचं? बुद्धांनी दहा आधार अपुरे ठरवले. ऐकीव गोष्ट, परंपरा, वदंता, ग्रंथातलं वचन, ही चार सगळ्यांना आठवतात. पण पुढे तर्क, अनुमान, बाह्य लक्षणांवरचा विचार, आपल्या मताशी जुळणं, बोलणाऱ्याची छाप आणि ‘हे आमचे गुरू’ हेही आहे. म्हणजे तर्क आणि ‘मला पटतं’ हेसुद्धा त्याच यादीत!

कसोटी पुढे दिली आहे : ही गोष्ट अकुशल आहे का, सदोष आहे का, जाणते तिची निंदा करतात का, आणि आचरली तर अहित आणि दुःख होतं का, हे स्वतः जाणा आणि मग सोडा. लोभ, द्वेष, मोह यांवर ती लगेच लावूनही दाखवली आहे. म्हणजे पारख करून पाहून होते, नुसत्या विचारानं नव्हे. आणि ‘जाणते’ त्यात मुद्दाम ठेवले आहेत, कारण आपलं अहित आपल्याला दिसेलच असं नाही.

प्रश्न : तृष्णा सोडायची तर बढतीची इच्छा, घर घेण्याची इच्छाही सोडायची का? मग गृहस्थानं जगायचं कसं? निर्वाणाची इच्छा ही तृष्णाच नाही का?

उण्णाभ नावाच्या ब्राह्मणानं हेच आनंदाला विचारलं होतं : इच्छेनं इच्छा घालवायची म्हणता, याला अंत कुठे? आनंदानं उलट विचारलं, ‘या उद्यानात यायची इच्छा तुला झाली होती ना? आल्यावर ती शमली ना?’ काम झालं की मिटते ती इच्छा, पालीत ‘छन्द’. मिळालं तरी न मिटणारी, उलट आणखी मागणारी, ती तण्हा, म्हणजेच तृष्णा. तिचे प्रकार तीन : विषयांची, ‘असं व्हावं’ अशी होण्याची, आणि ‘हे नसावंच’ अशी नष्ट होण्याची. तिसरी साधकांनाच जास्त छळते, कारण वैराग्याचा वेश घेऊन येते.

गृहस्थाला पैशाबद्दल बुद्धांनी आकड्यांत सल्ला दिला आहे. सिगालाला सांगितलेली वाटणी अशी : कमाईचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन व्यवसायात, चौथा अडीअडचणीसाठी बाजूला. कोलियांच्या दीघजाणूला चार गोष्टी सांगितल्या : उद्योग, मिळवलेल्याची राखण, चांगली संगत, आणि मिळकतीला धरून खर्च. मिळकत थोडी आणि राहणी ऐटीची असेल तर लोक ‘हा उंबर खाणाऱ्यासारखा खातो’ म्हणतात (झाड हलवून ढीग पाडायचा, खायची चार). आणि मिळकत मोठी असून चिकटपणानं राहिला तर ‘हा उपाशी मरायचा’ म्हणतात. दोन्ही टोकं सारखीच नापसंत.

प्रश्न : मैत्री भावना (सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान) करताना ज्यानं माझं वाटोळं केलं त्याचाच चेहरा समोर येतो आणि राग वाढतो.

क्रम चुकला आहे. बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या पाली ग्रंथात (इसवी सनाचं ५वं शतक) क्रम असा आहे : आधी स्वतः, मग आदरणीय माणूस, मग जिवलग, मग ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही असा, आणि शेवटी वैरी. चौथ्या पायरीवर लोक घाई करतात, खरं तर तीच कसोटीची. रोज दिसणारा पण नावही माहीत नसलेला माणूस घ्या. त्याच्याबद्दल जिवलगाइतकंच सहज भलं चिंतता आलं की पुढे जा. वैऱ्यापाशी राग उसळला तर झगडू नका, मागच्या पायरीवर परता. मृत व्यक्तीवर ही भावना करू नये आणि सुरुवातीला जिच्याबद्दल आकर्षण वाटेल अशा व्यक्तीवरही करू नये, असं तिथे बजावलं आहे.

आणखी एक धोका : हुबेहूब दिसणारे ‘जवळचे शत्रू’. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती, करुणेचा हळहळ, मुदितेचा (दुसऱ्याच्या सुखात वाटणाऱ्या आनंदाचा) स्वतःच्या लाभातून येणारा हर्ष, आणि उपेक्षेचा अजाणता बेफिकीरपणा. ‘मला आता कशाचंच काही वाटत नाही’ असं कोणी म्हणालं, तर अभिनंदन करायची घाई करू नये.

प्रश्न : निर्वाणानंतर अर्हत् (मुक्त झालेला माणूस) कुठे जातो?

वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकानं हे विचारलं तेव्हा बुद्धांनी प्रतिप्रश्न केला : समोरचा अग्नी विझला, तर तो पूर्वेला गेला, पश्चिमेला, उत्तरेला की दक्षिणेला? सरपण संपलं, विझला. दिशेचा प्रश्न लागूच पडत नाही. निर्वाणाची व्याख्या बुद्धांचा शिष्य सारिपुत्त यानं एका ओळीत दिली आहे : रागाचा (इथे ‘राग’ म्हणजे संताप नव्हे, आसक्ती) क्षय, द्वेषाचा क्षय, मोहाचा क्षय. हे जिवंतपणी होतं.

प्रश्न : आनापान (श्वासावरचं ध्यान) करताना पाच मिनिटांत विचार भरकटतात, नाहीतर झोप येते. कितीदाही प्रयत्न केला तरी तेच. कुठे चुकतं?

बैठकीपासून सुरू करू. पाठ ताठ, पण ताणलेली नको. श्वास जाणीवपूर्वक लांबवायचा नाही. लांब आला तर ‘लांब’, आखूड आला तर ‘आखूड’ एवढं जाणायचं; सोळा टप्प्यांपैकी हे पहिले दोन. तिसऱ्यात सगळ्या शरीराचं भान, चौथ्यात शरीराची हालचाल शांत होऊ देणं. बहुतेक जण पहिल्या बैठकीतच चौथ्यावर उडी मारतात आणि श्वास दाबून शांत करतात. छातीत जडपणा, डोकं भणभणणं हे त्याचंच फळ.

मन टिकत नसेल तर मोजा. विसुद्धिमग्गाचा नियम : पाचच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये, मध्ये आकडा गाळू नये. पाचच्या आत मन कोंडतं. दहाच्या पुढे ते श्वास सोडून आकड्यावरच बसतं. आधी धान्य मापणाऱ्यासारखं सावकाश मोजा : आत जाताना एक, बाहेर येतानाही एक, मग दोन, दोन. सोळा-सतरा झाल्यावर जाग आली तर ओशाळू नका, पुन्हा एक. मोजणं ही कुबडी आहे; लक्ष आपोआप टिकायला लागलं की टाकून द्या.

लक्ष ठेवायचं नाकपुडीपाशी किंवा वरच्या ओठावर, जिथे श्वासाचा स्पर्श होतो तिथे. श्वासाच्या मागे फुप्फुसापर्यंत जायचं नाही, बाहेरही नाही. वेशीवरचा दरवान गावातल्या आणि गावाबाहेरच्या माणसांची चौकशी करत बसत नाही. वेशीत आला तेवढ्यालाच पाहतो. करवतीनं लाकूड कापणाराही दाते लाकडाला टेकतात तिथेच पाहतो. दाते येतात-जातात हे त्याला ठाऊक असतं, पण तो त्यांच्यामागे मान फिरवत नाही.

विचारांचं म्हणाल, तर बुद्धांनी पाच उपाय क्रमानं दिले आहेत आणि क्रम महत्त्वाचा आहे. पहिला : त्या विचाराच्या जागी कुशल विचार आणणं, सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी काढतो तसा. त्यानं न भागलं तर त्या विचाराचे तोटे पाहणं. तिसरा : लक्षच न देणं, नको ते दृश्य दिसल्यावर डोळे मिटतो तसं. चौथा : विचाराला घडवणारा जोर हळूहळू उतरवणं, धावणारा माणूस ‘मी का धावतोय?’ म्हणून चालायला लागतो, मग उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो. पाचवा, दात आवळून मनानं मनाला दाबणं. हा पाचवा शेवटचा आहे. तुम्ही बहुधा तिथूनच सुरुवात करत असाल, म्हणून पाच मिनिटांत दमछाक होते.

चूक जोराचीही असते. रक्त येईपर्यंत येरझारा घालणाऱ्या सोण भिक्खूला बुद्धांनी त्याच्याच वीणेची आठवण करून दिली : तारा फार ताणल्या तरी वाजत नाही, सैल सोडल्या तरी नाही. जोर जास्त झाला की चंचलता, कमी झाला की सुस्ती. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी एकाच खुंटीच्या आहेत, आणि एकावरचा इलाज दुसरीवर लावला तर ती वाढते. मन उसळत असेल तेव्हा श्वासावर सैल बसा. गुंगी असेल तेव्हा शांत बसणं हाच अपाय.

झोप घालवण्यासाठी मोग्गल्लान या शिष्याला सांगितलेली यादी आजही जशीच्या तशी कामाला येते. ज्या विचारात असताना गुंगी आली तो बदला. ऐकलेल्या धम्मावर मनात विचार फिरवा. तेवढ्यानं नाही, तर पाठ असलेलं मोठ्यानं म्हणा. दोन्ही कानांच्या पाळ्या ओढा, हातपाय चोळा. उठा, डोळ्यांवर पाणी मारा, चारी दिशांना आणि वर ताऱ्यांकडे पाहा. मग लख्ख प्रकाश मनात आणा, रात्र असली तरी दिवस आहे असं समजून. तरीही नाही, तर येरझारा घाला. आणि एवढं करूनही पापण्या मिटतच असतील तर उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, कधी उठायचं ते मनाशी ठरवून झोपावं, आणि जाग येताच उठावं.